डॉर्मची चावी आणि ऑनर कोडची सही: अमेरिकेत पहिल्या वर्षाला जाण्याआधी

अमेरिकेतल्या कॉलेजात पाऊल ठेवण्याआधीच तुम्ही दोन कागदांवर सही केलेली असते आणि बहुतेकांना ती केल्याचं आठवतही नाही. एक हाउसिंगचा करार, म्हणजे डॉर्ममध्ये (कॉलेजच्या वसतिगृहात) राहण्याचा. दुसरा ऑनर कोड, म्हणजे अभ्यासात आणि परीक्षेत फसवणूक न करण्याची लेखी हमी. दोन्ही पोर्टलवर येतात, खाली एक चौकोन असतो, त्यात खूण करून पुढे गेलं की झालं. मी दोन वर्षं एका डॉर्मच्या तिसऱ्या मजल्यावर आरए होतो. आरए म्हणजे रेसिडेंट असिस्टंट. हा वरच्या वर्गातला विद्यार्थीच असतो. त्याला खोली फुकट मिळते आणि त्या बदल्यात रात्री दोनला दार वाजलं तरी उठावं लागतं. त्या दोन वर्षांत अडचणीत आलेली जी मुलं पाहिली, त्यांत लबाड फार थोडी होती. बाकीच्यांनी ‘एवढं चालत असेल’ असं धरून चाललेलं होतं.

इथे पहारा कमी आणि कागद जास्त. खोलीत कोण कधी येतं-जातं ते कोणी बघत नाही, काही कॉलेजांत तर परीक्षेला वर्गात पर्यवेक्षकही नसतो. पण तक्रार झाली की पहिला प्रश्न येतो, ‘हे तुला लेखी दिलं होतं ना?’ आणि ते दिलेलं असतंच.

दोन महिने आधी: करार आणि फॉर्म

हाउसिंगचा करार बहुधा अख्ख्या शैक्षणिक वर्षाचा असतो. ऑक्टोबरमध्ये बाहेर स्वस्त खोली मिळाली म्हणून सोडून जाता येत नाही. गेलात तरी पैसे भरावे लागतात. करारात निदान तीन गोष्टी शोधा: रद्द करण्याची शेवटची तारीख, पहिल्या वर्षाला मील प्लॅन (कॉलेजच्या जेवणाचं पॅकेज) सक्तीचा आहे का, आणि सुट्टीत डॉर्म उघडं असतं का. तिसरी गोष्ट परदेशातून येणाऱ्यांना हमखास नडते. डिसेंबरच्या सुट्टीत अनेक डॉर्म कुलूपबंद होतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, तेव्हाही काही ठिकाणी होतात. थांबायचं असेल तर ‘ब्रेक हाउसिंग’चा वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत सुट्टीच्या कितीतरी आधी संपते. सगळे घरी निघालेत आणि एकजण बॅग घेऊन लॉबीत बसलाय, हे दृश्य मी दोन्ही डिसेंबरांत बघितलं.

लसींचे कागद आत्ताच शोधा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागतात, डॉर्ममध्ये राहणाऱ्यांकडे बऱ्याचदा मेनिंजायटिसच्या लसीचाही. तो नसेल तर कोर्सची नोंदणीच अडकते.

मग रूममेटसाठीची प्रश्नावली. ती भरताना आईला शेजारी बसवू नका. ‘किती वाजता झोपता?’ या प्रश्नाला ‘दहा’ लिहिणारी आणि पहाटे तीनला झोपणारी मुलं माझ्या मजल्यावर भरपूर होती. त्यांच्या वाट्याला खरोखर दहाला झोपणारे रूममेट यायचे आणि मग सहा आठवड्यांत दोघंही माझ्या दारात.

बॅग भरताना

डॉर्मची गादी बहुधा ‘ट्विन एक्सएल’ असते, 38 इंच रुंद आणि 80 इंच लांब. नेहमीची ट्विन चादर 75 इंचांच्या गादीची, त्यामुळे ती कोपऱ्यातून सुटत राहते. चादर घेताना ‘एक्सएल’ हा शब्द बघून घ्या.

विजेचं गणित जरा समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100–240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. पण 230 व्होल्टसाठी केलेली किटली तिथे लावली तर व्होल्टेज जवळपास निम्मं झाल्यामुळे तिची ताकद साधारण चौथाई उरते. पाणी उकळत नाही, कोमट होऊन बसतं. त्यावर उपाय म्हणून जड कन्व्हर्टर आणू नका, कारण तो बहुधा चालू देणार नाहीत आणि ती किटलीही नाही. उघडी कॉइल असलेली शेगडी, खोली गरम करायचा हीटर, सर्ज प्रोटेक्टर नसलेली एक्स्टेन्शन कॉर्ड, मेणबत्ती, उदबत्ती या गोष्टी बंदीच्या यादीत जवळजवळ सगळीकडे सापडतात. मेणबत्ती पेटवलेली नसली तरी खोलीत सापडणं पुरेसं असतं. ‘मी फक्त शोभेला ठेवली होती’ हे खरं असलं तरी उपयोगाचं नाही. लिथियम बॅटरीची ई-स्कूटरही अनेक विद्यापीठांनी डॉर्मच्या आत आणायला बंद केली आहे. तुमच्या विद्यापीठाची यादी हाउसिंगच्या पानावर असते. ती छापून बॅगेवर चिकटवा आणि मगच बॅग भरा.

फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आधी रूममेटशी बोलून ठरवा, नाहीतर खोलीत दोन फ्रिज होतात आणि पाय ठेवायला जागा राहत नाही. भिंतीला खिळे चालत नाहीत, निघणाऱ्या चिकटपट्ट्या चालतात. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

चावी मिळते त्या तासाला

चावीबरोबर एक फॉर्म मिळतो, कागदी किंवा ऑनलाइन: रूम कंडिशन रिपोर्ट. खोलीत आधीपासून काय मोडलंय, काय डागाळलंय ते त्यात लिहायचं. बॅग उघडण्याआधी हे काम करा. माझ्या पहिल्या वर्षी मी त्यावर ‘सर्व ठीक’ लिहून मोकळा झालो, कारण बाहेर मोफत पिझ्झा वाटत होते. मे महिन्यात खिडकीच्या जाळीला अंगठ्याएवढं भोक सापडलं आणि त्याचं बिल माझ्या खात्यावर लागलं. ते भोक ऑगस्टमध्येही होतं हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्यातून येणारी माशी मी दोन सेमिस्टर बघत होतो. कागद मात्र ‘सर्व ठीक’ म्हणत होता.

तेव्हा गादी उचलून खालची बाजू बघा, ड्रॉवर ओढून बघा, जाळी, दाराचं कुलूप, टेबलाच्या कडा बघा. फोटो काढा आणि ते स्वतःला ईमेल करून ठेवा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही.

रूममेटशी करार: फॉर्मपेक्षा पुढचं बोला

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आरए ‘रूममेट ॲग्रीमेंट’ भरून घेतो. त्यात प्रश्न असतात: पाहुणे चालतील का, वस्तू वापरल्या तर चालेल का, दिवे कधी बंद. नव्या नव्या गोडीत सगळे सगळ्याला ‘हो’ म्हणतात. आणि तिथेच घोटाळा होतो.

माझ्या मजल्यावर दोन मुलं होती. एकाचा गजर साडेपाचला वाजायचा आणि तो सहा-सात वेळा पुढे ढकलून सव्वासहाला उठायचा. दुसरा सहा आठवडे काही बोलला नाही. सातव्या आठवड्यात खोली बदलण्याचा अर्ज घेऊन आला. मी दोघांना समोरासमोर बसवलं. गजरवाला म्हणाला, “मला वाटलं, तुला चालतंय. तू काही बोलला नाहीस.” दुसरा म्हणाला, “मला वाटलं, एवढं तुला कळत असेल.” करारावर दोघांची सही होती आणि झोपेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एकमेकांचा विचार करू.’

असं काही लिहू नका. आकडे लिहा. पाहुणा आठवड्याच्या दिवशी किती वाजेपर्यंत, रात्री राहणार असेल तर किती दिवस आधी सांगायचं, दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर काय. गजर किती वेळा. कचरा कोणी आणि कोणत्या वारी. तुमच्या मगमधून त्याने पाणी प्यायलं तर तुम्हाला खरंच चालतं का? नसेल चालत तर आत्ता सांगा, ऑगस्टमध्ये ते हसत सांगता येतं. ‘याचा मला त्रास होतोय, हे बदलूया का?’ असं तोंडावर विचारण्यात इथे उद्धटपणा नाही. मनात ठेवून मग मजल्यावरच्या दहा जणांना सांगणं, हे मात्र कोणी विसरत नाही.

आरए काय आहे आणि काय नाही

आरए पोलीस नाही, पण तुमची गुपितं राखणाराही नाही. नियमभंग दिसला की त्याला नोंद करावी लागते. लैंगिक छळाबद्दल काही कानावर आलं तर शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणाऱ्या 1972 च्या टायटल नाईन कायद्याखाली बहुतेक विद्यापीठं त्याला ते वर कळवायला लावतात. ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून सांगितलेलंही त्याला पुढे द्यावं लागतं. फक्त मन मोकळं करायचं असेल, तर कॅम्पसच्या समुपदेशन केंद्रात जा. तिथलं बोलणं अगदी मोजके अपवाद सोडले तर गोपनीय राहतं.

दारूचं वय सगळीकडे 21. राज्यांनी ते पाळावं म्हणून 1984 साली केंद्राने महामार्गांच्या निधीची गाठ त्याला मारली, त्यानंतर हे झालं. तुम्ही स्वतः प्यायला नसलात तरी दारू असलेल्या खोलीत सापडलात तर नोंदीत तुमचंही नाव येतं. पण एक गोष्ट पाठ करा: कोणी जास्त पिऊन उठत नसेल, तर शिक्षेच्या भीतीने त्याला झोपवून ठेवू नका. 911 या आपत्कालीन नंबरला फोन करा. अनेक विद्यापीठांत मदत मागणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी मागितली त्यालाही दारूच्या नियमातून सूट आहे.

आगीचा गजर पहाटे चारला वाजला आणि तो कोणाच्या तरी जळक्या पॉपकॉर्नमुळेच वाजलाय हे तुम्हाला माहीत असलं, तरी उठून खाली जायचं. खोलीत थांबलात तर तोही नियमभंग. स्मोक डिटेक्टरवर पिशवी बांधणं हा तर गंभीर प्रकार. आणि छतावरच्या स्प्रिंकलरला हँगर अडकवू नका. शर्टाच्या ओझ्याने तो फुटला तर मिनिटभरात तुमचीच नव्हे, खालच्या मजल्यावरच्या माणसाचीही गादी भिजते.

ऑनर कोड: हे प्रकरण आलं कुठून

ऑनर कोड म्हणजे विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि तो मोडला तर कठोर व्हायचं. व्हर्जिनिया विद्यापीठात हे 1842 पासून आहे. त्याच्या दोन वर्षं आधी तिथल्या एका प्राध्यापकाला तोंड झाकलेल्या विद्यार्थ्याने गोळी घातली होती. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातला तो तणाव संपवायला उत्तरपत्रिकेवर शपथ लिहून घेण्याची पद्धत सुरू झाली. तिथे दीर्घकाळ एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. 2022 मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती बदलली. प्रिन्स्टनमध्ये 1893 साली विद्यार्थ्यांच्या मागणीवरून कोड आला, स्टॅनफर्डमध्ये 1921 मध्ये. स्टॅनफर्डने 2023 मध्ये काही वर्गांत परीक्षेला पर्यवेक्षक बसवून बघायला मान्यता दिली, म्हणजे भरवशाची ही व्यवस्था ठिकठिकाणी ढिली किंवा घट्ट होत असते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तर स्वतः खोटं न बोलणं, फसवणूक न करणं, चोरी न करणं पुरत नाही, करणाऱ्याला खपवून घेणंही गुन्हा आहे. तुमच्या कोडमध्ये असं कळवण्याचं कलम आहे का, ते वाचून घ्या. काही ठिकाणी असतं.

‘मिळून अभ्यास’ कुठे थांबतो

कॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाहीतली चिठ्ठी येते. इथली बरीच प्रकरणं चिठ्ठीची नसतात. हार्वर्डमध्ये 2012 साली अमेरिकी काँग्रेसवरच्या एका कोर्सची परीक्षा घरी नेऊन लिहायची होती. पुस्तक उघडं, टिपणं उघडी, इंटरनेटही उघडं. मात्र परीक्षेबद्दल दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही, असं त्याच कागदावर लिहिलेलं. सुमारे 125 विद्यार्थ्यांची चौकशी झाली आणि निम्म्याहून अधिक जणांना काही काळ कॉलेज सोडावं लागलं. ‘सगळं उघडं’ एवढंच वाचून बरेचजण पुढे गेले असावेत, असा माझा अंदाज. 2015 पासून हार्वर्डनेही ऑनर कोड लागू केला.

म्हणून पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्या कोर्सेसचे सिलॅबस समोर घेऊन बसा. सिलॅबस म्हणजे नुसती धड्यांची यादी नव्हे, तो त्या वर्गाचा करार आहे. प्रत्येकात चार गोष्टींवर खूण करा: एकत्र काम कितपत चालतं, एआयची साधनं चालतात का, जुन्या प्रश्नपत्रिका आणि सीनियरच्या फाइली वापरता येतात का, उशिराचे नियम काय. सकाळच्या वर्गात चालणारी गोष्ट दुपारच्या वर्गात बंद असू शकते. दोन्ही वर्ग एकाच विभागाचे असले तरीही.

जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे प्राध्यापकाला दोन ओळींचा ईमेल करा: ‘तिसऱ्या असाइनमेंटच्या गणितांची मित्रांबरोबर फळ्यावर चर्चा करून उत्तरं स्वतंत्र लिहिली तर चालेल का?’ तोंडी विचारलंत तरी नंतर ईमेलने खात्री करून घ्या. आलेलं उत्तर जपून ठेवा.

चर्चा चालते तिथे मी एक साधी पद्धत वापरायचो. फळ्यावर सगळ्यांनी मिळून डोकं लढवायचं, फोटो काढायचा नाही, टिपण घ्यायचं नाही, शेवटी फळा पुसायचा. मग जेवून यायचं आणि आपापल्या खोलीत कोऱ्या कागदावर लिहायचं. लिहिता आलं तर तुम्हाला ते समजलंय. नाही आलं तर ते मित्राचं होतं, तुमचं नव्हतं. वर ‘चर्चा अमुक आणि तमुकबरोबर केली’ अशी ओळ टाका.

आणि आपली फाइल ‘फक्त बघायला’ पाठवू नका. रात्री अकराला येणाऱ्या त्या मेसेजला नाही म्हणणं जड जातं, विशेषतः तुमच्याच भाषेतल्या मित्राला. पण देणारा आणि घेणारा दोघंही एकाच यादीत बसतात. ‘फाइल नाही, पण ये, पंधरा मिनिटं समजावतो’ असं म्हणा; तेही त्या असाइनमेंटला चर्चा चालत असेल तरच.

लिहिताना आणि कोड करताना

निबंधात घोळ होतो तो टिपणं काढताना. वेबवरचा उतारा ‘नंतर बदलू’ म्हणून फाइलमध्ये चिकटवलेला असतो, आणि तीन दिवसांनी तो आपलाच वाटू लागतो. दुसऱ्याचे शब्द चिकटवताक्षणी अवतरणचिन्हात टाका, वेगळा रंग द्या, पान क्रमांक शेजारी लिहा. चार शब्द इकडचे तिकडे करून वाक्य आपलं होत नाही. मूळ पान बंद करा, आपल्या शब्दांत लिहा, मग उघडून ताडून बघा, आणि तरीही संदर्भ द्या, कारण विचार त्यांचाच आहे. आपलाच जुना निबंध दुसऱ्या वर्गात परवानगीशिवाय देणं हेही बऱ्याच ऑनर कोडमध्ये बसत नाही. हे ऐकून सगळ्यांनाच धक्का बसतो.

लेखन अशा ठिकाणी करा जिथे आवृत्त्यांचा इतिहास आपोआप साठतो. हे तुम्ही टप्प्याटप्प्याने लिहिलंय याचा तो सगळ्यात चांगला पुरावा असतो.

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात कोड तपासायला ‘मॉस’ नावाची प्रणाली अनेक ठिकाणी वापरतात, ती 1994 पासून आहे. ती नुसती अक्षरं जुळवत नाही, रचना जुळवते, त्यामुळे व्हेरिएबलची नावं बदलून किंवा ओळी वरखाली करून काही साधत नाही. स्वतःचं उत्तर गिटहबवर (प्रोग्रॅम साठवायच्या वेबसाइटवर) सर्वांना दिसेल असं ठेवणंही टाळा. पुढच्या वर्षीचा कोणी ते उचलतो आणि चौकशीचं पत्र तुम्हालाही येऊ शकतं.

मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं रात्री दोननंतरची आहेत. माणूस दिवसा असं करत नाही. म्हणून ऑनर कोडचा अभ्यास करण्याइतकंच, मुदतीच्या दोन दिवस आधी ‘मला वेळ हवाय’ असा ईमेल लिहायला शिकणं महत्त्वाचं. उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे गुण कापले जातात, पण त्यासाठी चौकशी बसत नाही.

तरीही पत्र आलं तर

ईमेलचा विषय थंड असतो: ‘शैक्षणिक सचोटीबाबत बैठक’. लगेच उत्तर लिहू नका, पण मुदतही चुकवू नका. काहीही डिलीट करू नका. फाइली, चॅट, मसुदे सगळं एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. ज्याच्याबरोबर नाव आलंय त्या मित्राशी उत्तरं जुळवत बसू नका, ती वेगळीच तक्रार होते. आरोप नेमका कशावर आहे आणि पुरावा काय आहे, तो आधी बघायला मिळेल का, हे लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी बरोबर एक सल्लागार आणता येतो, तो शोधा.

परदेशी विद्यार्थ्याने त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं. एफ-1 व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला निदान 12 क्रेडिटं (कोर्सचा भार मोजायची एककं) चालू ठेवावी लागतात. निलंबन झालं तर ती सुटतात आणि व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. कोर्स सोडून देऊन सुटका करून घेण्याचा विचार असेल तर तोही आधी त्यांना विचारून. घरी मात्र तुम्हीच फोन करायचा आहे. 1974 च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेज साधारणपणे तुमच्या परवानगीशिवाय पालकांना तुमची नोंद दाखवत नाही, मग फी त्यांनी भरलेली का असेना.

चूक झाली असेल तर काय झालं ते सरळ सांगा: किती वाजता, कोणती फाइल, का. झाली नसेल तर मसुद्यांचा इतिहास पुढे करा. निकाल आला की अपिलाची मुदत बघा. ती थोडक्या दिवसांची असते आणि बहुधा निकालपत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही धीर करून ईमेल उघडलात तेव्हापासून नाही.